ऐन कार्यक्रमात आवाज गेला तर? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गणेशोत्सव, नवरात्र आणि त्यामागून येणाऱ्या व्याख्यानमालांचा हंगाम जवळ आला की ध्वनियंत्रणेबद्दलची पत्रं वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : भर कार्यक्रमात यंत्रणा बंद पडली तर करायचं काय, आणि त्याची तयारी आधी कशी ठेवायची. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला साडेतीनशे खुर्च्यांच्या सभागृहात होते. शेवटच्या दिवशी सुगम संगीत असतं. गेल्या वर्षी मिक्सर मध्येच बंद पडला आणि दुसरा गोदामातून येईपर्यंत पाऊण तास गेला. सगळंच दुप्पट भाड्याने घेण्याइतके पैसे नाहीत. कमीत कमी काय राखीव ठेवावं? (कार्यवाह, सांगली जिल्हा)

उत्तर : सगळं दुप्पट घ्यायची गरज नाही. पण गोदामातल्या मिक्सरला बॅकअप म्हणू नका. ज्याला वीज दिलेली आहे, ज्याच्या वायरी जोडलेल्या आहेत आणि प्रेक्षक येण्याआधी ज्यातून एकदा आवाज काढून पाहिला आहे, तोच बॅकअप.

एका कागदावर आवाजाचा रस्ता लिहा : माईक, वायर, स्टेजबॉक्स (व्यासपीठावरच्या माईकच्या वायरी एकत्र जोडायची पेटी), मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर. एकेका नावावर बोट ठेवून साउंडवाल्याला विचारा, ‘हे आत्ता गेलं तर दहा सेकंदांत काय वाजेल?’ चारातला एक माईक गेला तर तीन उरतात. दोनातला एक स्पीकर गेला तर अर्धं सभागृह तरी ऐकतं. मिक्सर मात्र एकच असतो, आणि तो ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेला असतो तो बोर्डही एकच. तुमचे मोजके पैसे या दोन जागी घाला.

मिक्सरसाठी सहा-आठ चॅनेलचा साधा अ‍ॅनालॉग मिक्सर पुरतो. व्यासपीठावर वायरचा एक डायनॅमिक माईक (शुअर एसएम५८ किंवा त्याच जातीचा, म्हणजे ज्याला मिक्सरकडून वायरीतून येणारी वीज, फॅन्टम पॉवर, लागत नाही असा) थेट या छोट्या मिक्सरला जोडा. तो मुख्य स्टेजबॉक्समधून नेऊ नका, नाहीतर स्टेजबॉक्स गेला की दोन्ही जातील. छोट्या मिक्सरचा आउटपुट स्पीकरपर्यंत वेगळ्या वायरीने न्या. बऱ्याच अ‍ॅक्टिव्ह (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरना मागे दोन इनपुट आणि प्रत्येकाला वेगळा गेनचा नॉब असतो. पहिल्यात मुख्य मिक्सर, दुसऱ्यात राखीव. दोन्हींची पातळी सकाळीच जुळवून घ्या आणि मग राखीव मिक्सरचा मास्टर फेडर (एकूण आवाजाची सरकपट्टी) खाली ओढून ठेवा. मुख्य मिक्सर गेला की फेडर वर घ्यायचा आणि निवेदकाने राखीव माईक उचलायचा, इतकंच काम उरतं.

स्पीकरला एकच इनपुट असेल तर राखीव वायरीच्या टोकाला लाल टेप लावून ते स्पीकरच्या स्टॅण्डला बांधून ठेवा. व्हॉल्यूम खाली घेऊन पिन बदलायला पंधरा-वीस सेकंद लागतात. दोन मिक्सरचे आउटपुट ‘वाय’ वायरीने एकत्र मात्र जोडू नका. आउटपुट एकमेकांवर ओझं टाकतात, आवाज बारीक आणि फाटका येतो आणि क्वचित आउटपुटचा भागही जातो. अ‍ॅम्प्लिफायर वेगळे असतील तर त्यांच्या आधीच्या प्रोसेसरला बहुधा एखादा मोकळा इनपुट असतो, तो राखीव मिक्सरला द्या.

आता वीज. राखीव मिक्सर मुख्य मिक्सरच्याच बोर्डावर लावला तर एक एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) पडताच दोन्ही बंद. त्याला दुसऱ्या सर्किटवरचा सॉकेट शोधा. डिजिटल मिक्सर असेल तर यूपीएस हवाच, कारण वीज क्षणभर लुकलुकली तरी तो पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर खातो. मिक्सर, कॉर्डलेसचे रिसीव्हर आणि लॅपटॉप मिळून साधारण अडीचशे-तीनशे वॅट होतात. त्यांना १००० व्हीएचा यूपीएस जनरेटर सुरू होईपर्यंत सांभाळून नेतो. अ‍ॅम्प्लिफायर यूपीएसवर टाकू नका. शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस मागा. स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर काही उपकरणांत घुर्र आवाज येतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि हिरवा दिवा तेव्हाही लागतोच, म्हणून सगळा लोड चालू असताना भिंतीतला प्लग उपटून पाहा.

संगीताच्या दिवशी डिजिटल मिक्सर आणि डिजिटल स्टेजबॉक्स असेल तर दोघांमध्ये एकच नेटवर्क केबल असते आणि तीवर सगळे माईक चालतात. त्या दिवशी दुसरी केबल आधीच अंथरून ठेवा, तीही वेगळ्या वाटेने. दोन्ही एकाच पट्टीखालून नेल्या तर एका खुर्चीच्या पायाने दोन्ही चिरडल्या जातील. बेहरिंगर एक्स३२सारख्या मिक्सरच्या जोडणीला शील्ड असलेली आणि धातूच्या कनेक्टरची केबल लागते. घरच्या इंटरनेटची साधी केबल चालल्यासारखी वाटते, पण स्थिर विजेचा एखादा झटका बसला की आवाज तुटतो. सगळं सेटिंग पेनड्राइव्हवर घेऊन ठेवायलाही सांगा.

सुट्या सामानाची पेटी साडेतीनशे खुर्च्यांसाठी एवढी असावी : वायरचे दोन माईक, १० मीटरच्या चार आणि ३० मीटरची एक माईकची वायर, स्पीकरची एक लांब वायर, एक डीआय बॉक्स (वाद्याचा किंवा लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी), माईकच्या दोन क्लिपा, एए आकाराचे सोळा नवे अल्कलाइन सेल, एक्सएलआर (माईकची तीन टोकांची पिन) ते जॅक असे जोड, मल्टिमीटर, टॉर्च, गॅफर टेप आणि प्रत्येक उपकरणाच्या मापाचे फ्यूज. फ्यूजवर आकड्याआधी इंग्रजी ‘टी’ असेल तर तो सावकाश उडणारा, ‘एफ’ असेल तर झटकन उडणारा. ‘टी’च्या जागी ‘एफ’ टाकला तर चालू करतानाच उडेल. तांब्याची तार बांधून काम भागवू देऊ नका, त्या तारेने अ‍ॅम्प्लिफायर जळतो. सापडलेल्या खराब वायरीला तिथल्या तिथे गाठ मारा, म्हणजे गडबडीत तीच पुन्हा हाती येत नाही.

आवाज गेला की आधी पाहायचं ते मिक्सरचं मीटर. वक्ता बोलतोय आणि त्याच्या चॅनेलचं मीटर हलतंय, म्हणजे माईक आणि वायर ठीक, दोष पुढे. मीटर मेलेलं, म्हणजे दोष मागे. मास्टरचं मीटरही हलत असेल तर मिक्सर सोडा आणि अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरकडे धावा. या एका नजरेने निम्मा रस्ता तपासायचा राहत नाही. ती न टाकता दिसेल ती वायर हलवत सुटलं की वेळ तिथेच जातो. माईक किंवा वायर बदलताना चॅनेल आधी म्यूट करा. फॅन्टम चालू असताना पिन उपटली तर स्पीकरमधून बंदुकीसारखा आवाज येतो आणि त्यातला उंच पट्टीच्या आवाजाचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जाऊ शकतो.

प्रश्न : आमची संस्था संगीत नाटकं करते. लेपल माईक मध्येच खरखरतात किंवा एकदम गप्प होतात. प्रवेश चालू असताना काय करायचं? (पुणे)

उत्तर : खरखर आणि गप्प होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत.

नट हलला की खरखर येत असेल तर माईकची बारीक तार बॉडीपॅकच्या (नटाच्या अंगावरच्या ट्रान्समीटरच्या) कनेक्टरपाशी आतून तुटायला आली आहे. तार तिथून सरळ खाली न सोडता तिचा सैल वेटोळा करून टेपने पॅकवर चिकटवा, म्हणजे ओढ सोल्डरवर येत नाही. पहिल्या अंकानंतर आवाज हळूहळू बोदा होत जात असेल तर माईकच्या जाळीत घाम शिरला आहे. तो माईक वाळवायला ठेवून दुसरा लावा. माईक कपाळाच्या वर केसांत लावला तर कपाळावरून ओघळणारा घाम त्याच्याकडे जात नाही आणि कपड्यांचं घासणंही टळतं.

एकदम गप्प होणं बहुतेकदा सेलमुळे किंवा फ्रीक्वेन्सीमुळे. प्रत्येक प्रयोगाला नवे अल्कलाइन सेल टाका, जुना-नवा मिसळू नका. कार्बन-झिंकचे स्वस्त सेल बॉडीपॅकमध्ये लवकर मान टाकतात. रिचार्जेबल वापरत असाल तर सेट तसा लावून घ्या : त्यांचं व्होल्टेज १.५ नसून १.२ असतं, त्यामुळे साध्या सेलसाठी लावलेलं मीटर चुकीचं सांगतं.

फ्रीक्वेन्सीचं गणित जरा जवळून पाहा. दोन ट्रान्समीटर जवळजवळ आले की त्यांच्यातून तिसरा-चौथा भुताटकी सिग्नल तयार होतो. एक ६५०.००० आणि दुसरा ६५०.४०० मेगाहर्ट्झवर असेल तर ही भुतं ६४९.६०० आणि ६५०.८०० वर उभी राहतात. तिसरा माईक तुम्ही ६५०.८०० वर लावलात तर एकेकटे तपासताना तिन्ही उत्तम चालतील आणि नायक-नायिका शेजारी आले की तिसरा गुरगुरेल. म्हणून सारख्या अंतराने फ्रीक्वेन्सी वाटू नयेत. सेटमध्ये कंपनीने दिलेले एकाच ग्रुपचे चॅनेल वापरा, ते हे गणित करूनच ठेवलेले असतात. दोन मोकळे चॅनेल कागदावर लिहून ठेवा. रिसीव्हरने स्कॅन करताना स्वतःचे सगळे ट्रान्समीटर बंद हवेत आणि एलईडी पडदा असेल तर तो चालू हवा, कारण तोही गोंगाट सोडतो. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आता मोबाइलचं जाळं चालतं. त्या पट्ट्यातले जुने सेट कितीही निगुतीने ठेवले तरी आता भरवशाचे राहिलेले नाहीत.

राखीव सोय दोन थरांची ठेवा. मुख्य गायक-नटाला दोन लेपल, दोन वेगळ्या बॉडीपॅकवर. त्यातला एकच उघडा. दोन्ही उघडे राहिले तर आवाज पोकळ होतो. दुसरा थर म्हणजे रंगमंचाच्या कडेला ठेवलेले तीन फूटमाईक. त्यांची शिट्टी येण्याची मर्यादा तालमीत शोधून फेडरशेजारी पेन्सिलची खूण करा. लेपल गेला की ऑपरेटरने तो म्यूट करायचा, फूटमाईक खुणेपर्यंत न्यायचे आणि विंगेत कळवायचं. नटाने पॅकला हात लावायचा नाही. तो विंगेत येईल तेव्हा तिथला माणूस चालू असलेला, तपासलेला पॅक घेऊन उभा असला पाहिजे. फूटमाईकवर नटाने दोन पावलं पुढे येऊन बोलायचं, हेही तालमीतच सांगून ठेवा.

प्रश्न : गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो. लाईट रोज जाते. जनरेटरवर टाकलं की कधी अ‍ॅम्प्लिफायर जळतो. काय चुकतं? (बीड जिल्हा)

उत्तर : जळण्याचं नेहमीचं कारण सैल न्यूट्रल. तीन फेजच्या जनरेटरचा न्यूट्रल सुटला की फेजांवरचा लोड एकमेकांशी अडकतो. ज्या फेजवर लोड कमी तिथलं व्होल्टेज २३० वरून ३५०-४०० पर्यंत चढतं, आणि तिथे नेमका तुमचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. काही जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजा : प्रत्येक फेज ते न्यूट्रल २२० ते २४०, दोन फेजांमध्ये ३८० ते ४१५, न्यूट्रल ते अर्थ ३ व्होल्टच्या आत. मग मंडपातले मोठे हॅलोजन लावून पुन्हा मोजा. सैल जोड रिकाम्या तारेवर कळत नाही, लोड आल्यावरच उघडा पडतो. साउंडच्या बोर्डावर जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं यंत्र बसवून घ्या. नव्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं.

लाईट जाताच अ‍ॅम्प्लिफायरचा स्विच बंद करा. जनरेटर स्थिर झाला की आधी मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. आणि जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (लाईन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय) लाईनला कधीही जोडू नका. वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनचा जीव जातो.

कीर्तन-प्रवचनाला तर जनरेटरची वाट पाहायचीही गरज नाही. बऱ्याच पीए अ‍ॅम्प्लिफायरना मागे १२ व्होल्ट बॅटरीचे टर्मिनल असतात, मोठ्यांना २४. १०० एएचची (अ‍ॅम्पिअर-तासांची) बॅटरी निम्मीच वापरायची असं धरलं तर ५० एएच मिळतात. १२० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात १६-१७ अ‍ॅम्पिअर ओढतो, पण नुसत्या बोलण्याला सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे प्रवचनाला आठ-नऊ तास, टाळ-मृदंगाच्या गजराला पाच-सहा तास धरा. बॅटरीची वायर किमान ४ चौ. मि.मी. तांब्याची आणि दोन मीटरच्या आत हवी, कारण १२ व्होल्टमधला एक व्होल्ट वाटेत गेला तरी आवाज फाटतो. बॅटरीच्या अधिक टोकाला लागूनच २५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज घाला.

भोंग्यांची वाटणीही बदला. सगळे भोंगे एका अ‍ॅम्प्लिफायरवर न लावता दोन लहान अ‍ॅम्प्लिफायर घ्या आणि एकाआड एक भोंगा वाटून द्या. एक बंद पडला तरी सगळ्या मंडपात आवाज पोचतो, फक्त मंदावतो. भोंग्यांकडे जाणाऱ्या १०० व्होल्टच्या लाईनवर भोंग्यांच्या वॅटची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या ८० टक्क्यांत ठेवा : १२० वॅटवर ३० वॅटचे तीन, चौथा नको. एका भोंग्याची तार शॉर्ट झाली तर ती सगळी लाईन गप्प करते, म्हणून मधे एखादा सहज सुटणारा जोड ठेवा. तो सोडला की दोष अलीकडे की पलीकडे ते लगेच कळतं.

प्रश्न : नृत्यवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात लॅपटॉपवरून गाणी लावतो. लॅपटॉप अडकला तर मुली स्टेजवर उभ्या राहतात. मोबाइल जोडून पाहिला, तर गाण्यातला गायकच ऐकू येईना! (ठाणे)

उत्तर : गायक नाहीसा होण्याचं कारण वायरीत आहे. मोबाइलच्या जॅकमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज निघतात. ती वायर सरळ एका एक्सएलआर पिनेवर आणली तर मिक्सर एकातून दुसरा वजा करतो. गायकाचा आवाज दोन्हींत सारखा असतो, त्यामुळे तोच पुसला जातो आणि मागची वाद्यं उरतात. एका बाजूला छोटा स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळे मोनो जॅक अशी वायर घ्या आणि दोन चॅनेल वापरा.

राखीव म्हणून दुसरा लॅपटॉप किंवा मोबाइल वेगळ्या चॅनेलवर कायम जोडलेला हवा. प्रत्येक गाणं दोन्हींवर एकदम सुरू करा, दुसऱ्याचा फेडर खाली. पहिला अडकला की फेडर वर घ्या, नाच थांबत नाही. गाणी दोन्हींच्या आतल्या डिस्कवर, क्रमांक देऊन (०१, ०२...), पेनड्राइव्हवर नाहीत आणि इंटरनेटवरून तर नाहीतच. विमान मोड चालू, स्लीप बंद, विंडोजचे अपडेट दोन दिवस आधी उरकलेले. चार्जर लावल्यावर घुंईऽऽ आवाज येत असेल तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स मधे घाला.

प्रश्न : स्पीकरमधला हम (सततची घुमणारी घरघर) घालवायला आमचा माणूस प्लगची अर्थची पिन काढून टाकतो. हम जातो हे खरं. चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. त्या पिनेशिवाय आत काही सुटलं तर वीज धातूच्या पेटीवर येते, वायरीच्या शील्डमधून माईकच्या जाळीवर येते, आणि जाळीला गाणाऱ्याचे ओठ लागलेले असतात. पावसाळी मंडपात ओल्या जमिनीवर तो उभा असेल तर जीव जाईल. माईकचा जरासा चटका लागल्याची तक्रार आली तरी कार्यक्रम तिथेच थांबवा, मुख्य स्विच बंद करा आणि मगच तपासा. मंडपाच्या बोर्डावर ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. हम घालवण्याचे सुरक्षित उपाय आहेत : मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच फेजवर घेणं, लाइटचे डिमर वेगळ्या फेजवर टाकणं, मधे डीआय किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणं.

प्रश्न : बिघाडात अर्धा तास गेला तर रात्री दहानंतर तेवढा वेळ वाढवून मिळतो का? आणि साउंडवाल्याशी करारात काय लिहावं? (नाशिक)

उत्तर : मिळत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बंदिस्त सभागृहातल्या कार्यक्रमांना अपवाद आहे, उघड्या मैदानावर नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. तुमचा दिवस त्या यादीत आहे का ते आधीच पाहा. नसेल तर कोणतं गाणं, कोणता सत्कार गाळायचा ते निवेदकाच्या कागदावर आधीच लिहिलेलं हवं. शक्यतो सत्कार गाळा, प्रेक्षक गाण्यासाठी आलेले असतात.

करारात ‘बॅकअपसह’ असा मोघम शब्द नको. कोणता राखीव मिक्सर, किती वायरचे माईक, यूपीएस किती व्हीएचा, मिक्सरपाशी कोण आणि व्यासपीठापाशी कोण उभं राहणार, हे लिहून घ्या. माणसं दोन हवीत. एकटा माणूस मिक्सर सोडून स्टेजवर धावला की मीटर पाहायला कोणी उरत नाही. एक अट आणखी घाला : प्रेक्षकांना आत सोडण्याच्या अर्धा तास आधी, तुमच्या समोर, आवाज खाली घेऊन मुख्य मिक्सर बंद करायचा आणि राखीव माईकवरून आवाज येईपर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजायचे. तीस सेकंदांच्या वर गेले तर काय अडलं ते बघून पुन्हा करायला लावा, त्यासाठी अर्धा तास हाताशी आहे.